स्वीडन की न्यूझीलंड? आधी दोघींचा भाडेकरार वाचा

पत्राचा सारांश: समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षातली एक विद्यार्थिनी लिहिते: "माझ्या प्रबंधाचा विषय देहविक्रयाविषयीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कायद्यांची तुलना असा आहे. मार्गदर्शक म्हणतात, स्वीडनचा कायदा आदर्श म्हणून मांडा. क्षेत्रकार्य करते ती संस्था सेक्स वर्कर महिलांच्या हक्कांसाठी काम करते, तिथे सगळे न्यूझीलंडचं उदाहरण देतात. मी एक तक्ता केलाय. त्यात देश, कायदेशीर की बेकायदेशीर, फायदे आणि तोटे असे रकाने आहेत. तो भरत गेले तसा गोंधळच वाढला. मनातून मला हे काम म्हणजे बाईवरचा अन्याय वाटतो. पण वस्तीतल्या ताया 'आम्हाला सोडवा' म्हणत नाहीत, 'पोलिसांना आवरा' म्हणतात. मी कोणती बाजू घ्यावी? आणि बाजू न घेता लिहिलं, तर तो पळपुटेपणा होईल का?"

उत्तर:

तुमचा गोंधळ तक्त्यातल्या दुसऱ्या रकान्यापासून सुरू होतो. 'कायदेशीर की बेकायदेशीर' या प्रश्नाला जवळजवळ कोणत्याच देशाचं सरळ उत्तर नाही. भारतात प्रौढ बाईने स्वतःच्या मर्जीने पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा नाही. पण त्याभोवतीच्या बहुतेक गोष्टी गुन्हा आहेत. स्वीडनमध्ये विकणं गुन्हा नाही, विकत घेणं आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत दोन्ही गुन्हे आहेत. नेवाडा राज्यातल्या काही ग्रामीण काउंटींत (म्हणजे जिल्ह्यांत) मात्र परवाना घेऊन कुंटणखाने चालतात, आणि त्याच राज्यातल्या लास व्हेगासमध्ये ते चालत नाहीत. ऑस्ट्रेलियात कायदा राज्यागणिक बदलतो. न्यू साउथ वेल्सने १९९५ मध्ये हे काम गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढलं, क्वीन्सलंडने २०२४ मध्ये. 'अमेरिका' किंवा 'ऑस्ट्रेलिया' अशी एकच ओळ लिहिली की तक्ता तिथेच चुकतो.

आणखी एक घोटाळा अनेक प्रबंधांत दिसतो. परवाना पद्धत आणि गुन्ह्यातून मुक्तता या दोन गोष्टी एकाच खान्यात टाकल्या जातात. जर्मनी आणि नेदरलँड्स परवान्याच्या वाटेने गेले. तिथे अटी पाळल्या तर काम वैध, नाही पाळल्या तर दंड. न्यूझीलंडने २००३ च्या कायद्याने कामाला गुन्ह्यातून बाहेर काढलं आणि इतर व्यवसायांना लागू असलेले कामगार, आरोग्य आणि नगररचनेचे नियम त्यालाही लावले. तो कायदा ६० विरुद्ध ५९ अशा एका मताच्या फरकाने मंजूर झाला होता. या दोन पद्धतींत बाईच्या वाट्याला येणारं रोजचं जगणं फार वेगळं आहे. जर्मनीतल्या त्रुटी दाखवून न्यूझीलंडचा कायदा फसला असं म्हणता येत नाही. उलटंही चालत नाही.

तेव्हा देशांची नावं बाजूला ठेवून दोन बायका समोर आणा. पहिली त्या देशाची नागरिक आहे, तिला शाळेत जाणारा मुलगा आहे आणि म्हातारी आई तिच्याच कमाईवर जगते. दुसरी परदेशातून आलेली आहे, तिचा व्हिसा तात्पुरता आहे आणि तिला हे काम सोडायचं आहे. एकटीने काम करणं धोक्याचं म्हणून दोघी एकाच फ्लॅटमध्ये काम करतात. एका रात्री एक गिऱ्हाईक दुसरीला मारहाण करतं. आता प्रत्येक देशाला तेच प्रश्न विचारा. पोलिसांना फोन केला तर पहिला त्रास कोणाला होईल? घरमालक काय करेल? व्हिसाचं काय होईल? मुलगा आणि आई कायद्याच्या कचाट्यात येतात का? सोडायचं ठरवलं तर पहिल्या महिन्याचं भाडं कोण देईल?

स्वीडनपासून सुरुवात करू. १ जानेवारी १९९९ पासून तिथे शरीरसंबंध विकत घेणं गुन्हा आहे. सुरुवातीला कमाल शिक्षा सहा महिने होती, २०११ मध्ये ती एक वर्ष झाली. मारहाण झालेली बाई तिथे आरोपी नसते, आणि ही या कायद्याची खरी जमेची बाजू आहे. ती खुल्या मनाने लिहा. स्टॉकहोम आणि गोथेनबर्गमध्ये या बायकांसाठी समाजसेवा विभागाची स्वतंत्र मदत केंद्रं आहेत, तेही लिहा. पण भाडेकरार उघडला की चित्र बदलतं. जागेचा असा वापर होतोय हे कळूनही घरमालकाने करार संपवण्यासाठी हालचाल केली नाही, तर त्याच्यावर दलालीच्या कलमाखाली गुन्हा येऊ शकतो. म्हणजे पोलिसांना फोन करण्याची किंमत घर असू शकते. शेजारच्या नॉर्वेत हे मोठ्या प्रमाणावर घडलं. २००७ ते २०११ या काळात ओस्लो पोलिसांनी घरमालकांवर दबाव आणून बायकांना घराबाहेर काढण्याची मोहीमच चालवली होती. स्वीडनमध्ये दुसऱ्या बाईचा प्रश्न आणखी अवघड होतो. परदेशी व्यक्ती देहविक्रयावर पोट भरेल असं वाटलं, तर तिला प्रवेश नाकारण्याची तरतूद तिथल्या परकीय नागरिकांच्या कायद्यात आहे. विकणारी गुन्हेगार नाही हे वाक्य खरं आहे, पण ते तिच्यासाठी अर्धंच खरं आहे.

न्यूझीलंडमध्ये चार जणींपर्यंत कोणीही मालक नसताना, कुंटणखाना चालवण्याच्या प्रमाणपत्राशिवाय एकत्र काम करू शकतात. आपल्या दोघींचा फ्लॅट तिथे बेकायदा ठरत नाही. आधी हो म्हटलं असलं तरी गिऱ्हाइकाला नकार देण्याचा हक्क कायद्यातच लिहिला आहे. हे काम नाकारलं म्हणून कोणाचा बेकारी भत्ता थांबवता येत नाही. २०१४ मध्ये तिथल्या मानवी हक्क न्यायाधिकरणाने लैंगिक छळाच्या तक्रारीत एका सेक्स वर्करला २५,००० न्यूझीलंड डॉलर भरपाई दिली, आणि तीही कुंटणखाना चालवणाऱ्याविरुद्ध. इतर देशांत अशी तक्रार दाखल करण्याची कल्पनाच अवघड आहे. पण दुसरी बाई इथेही अडकते. कायद्याचं कलम १९ सांगतं की तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला हे काम करता येत नाही, केल्यास तिला देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. मारहाण झाली तरी ती फोन उचलायला घाबरेल, आणि हे तिला मारणाऱ्यालाही माहीत असतं. तुमच्या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडबद्दल बोलताना हे कलम वगळलं, तर त्यांना नम्रपणे आठवण करून द्या.

जर्मनीत २००२ च्या कायद्याने कराराला मान्यता मिळाली आणि १ जुलै २०१७ पासून सक्तीची नोंदणी आली. दरवर्षी आरोग्यविषयक सल्ला घ्यावा लागतो, २१ वर्षांखालील व्यक्तीला दर सहा महिन्यांनी. ओळखपत्रावर टोपणनाव घेता येतं. तरीही नोंदणीची भीती मोठी आहे, कारण सरकारी यादीत एकदा नाव गेलं की ते उद्या कुठे पोहोचेल याची खात्री कुणालाच वाटत नाही. नोंदणी न केलेली बाई मग तक्रार करताना आधी स्वतःच्या दंडाचा विचार करते. बेल्जियमने २०२२ मध्ये हे काम गुन्ह्याबाहेर काढलं आणि १ डिसेंबर २०२४ पासून नोकरीच्या कराराची सोय केली. त्यात प्रसूती रजा, निवृत्तिवेतन, नकाराचा हक्क आणि कामाच्या खोलीत धोक्याचं बटण आहे. मात्र हे सगळं मालकाकडे करारावर काम करणाऱ्यांसाठी आहे. आपल्यासारख्या दोघी स्वतंत्रपणे काम करत असतील, तर त्या कराराच्या तरतुदी त्यांना लागू होत नाहीत.

आता भारत, आणि इथे जरा थांबा, कारण प्रबंधाचा सर्वात उपयोगी भाग हाच होऊ शकतो. वस्तीत ज्याला 'पिटा' म्हणतात, तो अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा १९५६ चा. त्याचं मूळ इंग्रजी पाठ्य स्वतः वाचा, सारांशांवर विसंबू नका. कलम २ मधली कुंटणखान्याची व्याख्या बघा. दोन किंवा अधिक बायकांनी 'परस्परांच्या फायद्यासाठी' वापरलेली खोलीही त्यात येते. म्हणजे सुरक्षिततेसाठी एकत्र राहिलेल्या आपल्या दोघींची खोली कुंटणखाना ठरते. कलम ४ नुसार अशा कमाईवर जाणूनबुजून जगणारी अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती दोषी ठरू शकते. त्यात दलाल येतो, तशी म्हातारी आईही येते, आणि कॉलेजात गेलेला मुलगाही येतो. कलम ७ प्रार्थनास्थळ, शाळा, रुग्णालय अशा ठिकाणांपासून दोनशे मीटरच्या आत बंदी घालतं. दाट वस्तीच्या शहरात नकाशावर ही वर्तुळं काढून बघा, किती जागा उरते ते लगेच दिसेल. कलम ८ गिऱ्हाइकाला खुणावण्याबद्दल आहे. पहिल्या गुन्ह्याला बाईला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तेच कृत्य पुरुषाने केलं तर शिक्षा सात दिवस ते तीन महिने. एकाच कलमात बाईची कमाल शिक्षा पुरुषाच्या दुप्पट आहे, आणि हे कलम अजूनही लागू आहे.

त्यानंतर कलम १७ वाचा. धाडीत 'सुटका' झालेल्या बाईला चौकशीनंतर दंडाधिकारी एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवू शकतात. शिक्षा झालेली नसते, तरी बाहेर पडता येत नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच तीन प्रौढ महिलांना मुक्त केलं आणि सांगितलं की देहविक्रय हा या कायद्याखाली गुन्हा नाही, प्रौढ बाईला तिच्या मर्जीविरुद्ध डांबता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९ मे २०२२ चा बुद्धदेव कर्मास्कर खटल्यातला आदेशही सोबत ठेवा. त्यात पोलिसांच्या वागणुकीबद्दल, निरोधाची पाकिटं पुरावा म्हणून न वापरण्याबद्दल, संरक्षणगृहांच्या पाहणीबद्दल आणि आधार कार्डाबद्दल निर्देश आहेत. मात्र न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या काही शिफारशींवर केंद्र सरकारने हरकत घेतली होती. बातम्यांमध्ये सगळ्या शिफारशी सरसकट 'आदेश' म्हणून छापल्या गेल्या. तुम्ही मूळ आदेश वाचून बंधनकारक मुद्दे आणि हरकतीतले मुद्दे वेगळे मांडा. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना याचा रोज उपयोग होईल, कारण पोलीस ठाण्यात चुकीचं कलम सांगितलं तर पुढचं खरंही कोणी ऐकत नाही.

सोडण्याच्या प्रश्नासाठी फ्रान्स जरूर घ्या. १३ एप्रिल २०१६ च्या कायद्याने तिथे गिऱ्हाइकाला १,५०० युरोपर्यंत दंड बसतो, पुन्हा पकडल्यास ३,७५० पर्यंत. त्याच कायद्याने बाहेर पडण्याचा सरकारी मार्ग आखला. सहा महिन्यांची मुदत, ती दोन वर्षांपर्यंत वाढवता येते, परदेशी व्यक्तीला तात्पुरता राहण्याचा परवाना आणि मासिक भत्ता. भत्ता सुरुवातीला महिन्याला सुमारे ३३० युरो होता. त्या देशात एवढ्या पैशात खोलीचं भाडंही निघत नाही. शिवाय या मार्गावर येणाऱ्या बाईने आधी काम थांबवलेलं असावं लागतं. समाजकार्याच्या नजरेने इथेच योजना घसरते. उत्पन्न आधी थांबतं, मदत मग समितीच्या निर्णयानंतर येते, आणि मधल्या काळात बाई काय खाते हे कोणत्याच अर्जात विचारलेलं नसतं. कुठल्याही देशाची पुनर्वसन योजना तपासताना हा मधला काळ मोजा. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये फ्रान्सच्या कायद्याने खासगी जीवनाच्या हक्काचा भंग होत नाही असा निर्णय दिला, हेही नोंदवा. मत काहीही असलं तरी विरुद्ध बाजूचा निकाल लपवायचा नाही.

आकड्यांबद्दल थोडं कडक सांगावं लागेल. नोंदणीचा आकडा म्हणजे कामाचा आकडा नव्हे. जर्मनीत २०१९ च्या अखेरीस सुमारे ४०,४०० नोंदणीकृत व्यक्ती होत्या आणि २०२२ च्या अखेरीस सुमारे २८,३००. मधे कोविडच्या साथीचा काळ गेला. यावरून एवढ्या बायकांनी काम सोडलं असं म्हणणं चूक आहे. मानवी तस्करीचे आकडेही तसेच. 'देहविक्रय कायदेशीर असलेल्या देशांत तस्करी जास्त' हे वाक्य २०१३ च्या ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून येतं, तो नोंदवल्या गेलेल्या तस्करीच्या श्रेणींवर बेतलेला आहे. जिथे पोलीस आणि संस्था नीट शोध घेतात तिथे नोंदी जास्त दिसतात. त्या अभ्यासाच्या लेखकांनी स्वतःच या मर्यादा सांगितल्या आहेत. दुसऱ्या बाजूचा आवडता आकडाही असाच तपासा. गुन्हेगारीकरण संपवल्यास दहा वर्षांत एचआयव्हीचे ३३ ते ४६ टक्के नवे संसर्ग टळू शकतील, हा २०१४ चा अंदाज गणिती प्रारूपावरचा आहे, प्रत्यक्ष मोजणीवरचा नाही. स्वीडनमध्ये रस्त्यावरचा देहविक्रय निम्म्यावर आला असं २०१० च्या सरकारी समितीच्या अहवालात म्हटलं आहे. पण खरेदीवरची बंदी कायम राहील हे त्या समितीला आधीच सांगितलेलं होतं, आणि त्याच वर्षांत व्यवहार रस्त्यावरून इंटरनेटवर सरकत होता. कायदा येण्याआधीची मोजणी हाताशी आहे असं उदाहरण हवं असेल तर न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च घ्या. तिथे १९९९ मध्ये अंदाजे ३७५ जणी होत्या आणि २००६ मध्ये ३९२. कायदा बदलल्यावर संख्या फुगेल ही भीती तिथे तरी खरी ठरली नाही.

आता तुमच्या मनातल्या अस्वस्थतेकडे. हे काम अन्यायाचं वाटतं, ही भावना लपवू नका आणि सिद्ध करत बसू नका. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात चार ओळींत ती लिहून टाका. पण तुम्ही एक गृहीत धरलंय, की अन्याय मानणारा माणूस स्वीडनच्या बाजूचा आणि हक्क मानणारा न्यूझीलंडच्या. तसं असायलाच हवं असं नाही. अन्याय मानूनही बाईवरचं कलम ८ काढा म्हणता येतं. हक्क मानूनही जबरदस्तीच्या व्यापाराविरुद्ध भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ कडकपणे लावा म्हणता येतं. आणि 'पोलिसांना आवरा' म्हणणाऱ्या तायांनी सोडण्याचा विचार केलाच नसेल, असंही धरू नका. आज दारात उभ्या असलेल्या त्रासाबद्दल माणूस आधी बोलतो. तुम्ही कुठे आणि कोणासोबत जाऊन विचारता, यावरही उत्तर बदलतं. संरक्षणगृहात भेटलेली बाई आणि संघटनेच्या बैठकीत भेटलेली बाई वेगळं सांगतील. दोघी खरं सांगतील, पण दोघींपैकी कुणीही सगळ्यांच्या वतीने बोलत नसेल. दोन्ही ठिकाणी जा आणि कोण कुठे भेटली ते प्रत्येक मुलाखतीवर लिहा.

मुलाखतींबद्दल काही गोष्टी पक्क्या ठेवा. बोलण्याआधीच सांगा की अठरा वर्षांखालील मुलीवर अत्याचार होत असल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार तुम्हाला कळवावं लागेल, ते गुपित ठेवता येणार नाही. हे नंतर सांगितलं तर तो विश्वासघात होतो. अल्पवयीन मुलीबाबत 'मर्जी' हा मुद्दाच येत नाही, वर ज्या देशांची चर्चा केली त्यातल्या एकाही देशात नाही. संमती तोंडी घ्या, सही मागू नका, कारण सहीचा कागद धाडीत सापडू शकतो. 'या कामात कशी आलीस' हा पहिला प्रश्न नसावा. भाडं किती, कोणाला देता, मागच्या वेळी पोलीस कशासाठी आले, आजारी पडल्यावर कुठे जाता, मुलांच्या शाळेत काय पत्ता दिलाय, यातून कायदा कसा जगला जातो ते कळतं. धंद्याच्या वेळी जाऊ नका, तिच्या वेळेचा मोबदला द्या आणि तो आधी ठरवा. फोटो काढू नका, गल्लीचा नुसता नकाशासुद्धा नको.

मार्गदर्शकांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना नवा तक्ता दाखवा. आडवे देश, उभे ते पाच प्रश्न. प्रत्येक चौकटीत दोन ओळी, वरची कलम काय म्हणतं याची, खालची प्रत्यक्षात काय होतं याची. खालच्या ओळीला भरवशाचा पुरावा नसेल तर चौकट रिकामी सोडा, ओढूनताणून भरू नका. मुख्य कायद्यासोबत व्हिसा, घरभाडं, रस्त्यावरची सुव्यवस्था, कर आणि बालकल्याण यांचे नियमही बघा, कारण बहुतेक बायकांना याच नियमांचा त्रास आधी होतो. चार देश पुरे. बारा देश घेतलेत तर सगळ्यांबद्दल वरवरचंच लिहिलं जाईल. स्वीडन आणि न्यूझीलंड दोन्हीकडे बेकारी भत्ता आणि सरकारी आरोग्यसेवा आधीपासून होती, कायदा तिच्या जोरावर चालतो. हा आधार नसलेल्या देशात तेच कलम उचलून आणलं तर परिणाम वेगळा होणार, याला एक वेगळं प्रकरण द्या.

बाजूचं विचारलंत, तर माझं मत स्पष्ट आहे. बाईवर, तिच्या सोबतिणीवर आणि तिच्या कमाईवर जगणाऱ्या आईमुलांवर पडणारी प्रत्येक शिक्षा आधी काढावी. गिऱ्हाइकाला शिक्षा करावी की नाही, यावर दोन प्रामाणिक कार्यकर्त्यांत मतभेद असू शकतात. बाईला घराबाहेर काढू नये यावर ते असू नयेत. तुमच्या शिफारशी 'अमुक देशाचा कायदा आणा' अशा लिहू नका, कलमानिशी लिहा: कलम २ मधून 'परस्परांचा फायदा' वगळावा, कलम ४ जबरदस्ती करणाऱ्यापुरतं असावं, कलम ८ रद्द व्हावं, कलम १७ खाली प्रौढ बाईला तिच्या लेखी नकारानंतर एक दिवसही ठेवू नये, आणि सोडू पाहणाऱ्या बाईला काम थांबवण्याआधीच घर आणि किमान सहा महिन्यांचं उत्पन्न मिळावं. मार्गदर्शकांना आणि संस्थेला यातलं काय पटत नाही ते मुद्दा घेऊन विचारा. बरंचसं दोघांनाही मान्य होईल असं वाटतं.

सादर करण्याच्या दोन आठवडे आधी शिफारशींचं प्रकरण तायांना मोठ्याने वाचून दाखवा आणि त्या जिथे हरकत घेतील तिथे त्यांचं म्हणणं तळटिपेत, नाव न देता, जसंच्या तसं छापा.